आखातात धाडलेली वाळ्याची ताटी

आमच्या मोहाडीत बायको माहेरी गेली तरी चार माणसं नवऱ्याला थांबवून विचारतात, कधी येणार म्हणून. माझी तर आखातात गेली होती. तेव्हा मला किती जणांनी विचारलं असेल, याची मोजदाद न केलेली बरी.

ऐंशीनंतरची ती पहिली वर्षं. आमच्या भागातून आखातात जाणारे म्हणजे गवंडी, वेल्डर, एखादा ड्रायव्हर. सगळे पुरुष. बायका मागे राहून धान रोवत आणि पत्राची वाट पाहत. आमच्या घरात हे उलटं झालं. बायको बी.एस्सी. बी.एड., गणित इंग्रजीतून शिकवू शकणारी. मी मॅट्रिकनंतर डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेला गुरुजी. माझं इंग्रजी चौथीच्या पोरांनाही पुरत नसे. भंडाऱ्याच्या एका खाजगी शाळेत ती चार वर्षं ‘पुढच्या सत्रात कायम करू’ हे ऐकत होती. अशात नागपूरच्या पेपरात जाहिरात आली, आखातातल्या भारतीय मुलांच्या शाळेला शिक्षिका पाहिजेत म्हणून. ती जाहिरात कापून घरी आणणारा शहाणा मीच. गंमत म्हणून आणली होती. गंमत म्हणून आणलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते आपल्या हातात राहत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मुलाखतीला नागपूरला मीच घेऊन गेलो. ती आत गेली, मी बाहेरच्या बाकावर मुलीला मांडीवर घेऊन बसलो. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक साहेब दारात आले आणि मला शिपाई समजून त्यांनी पाणी मागितलं. मी आणून दिलं. पुढे कित्येक महिने मला वाटे, आपण तेव्हा पाणी न देता ‘ती येणार नाही’ एवढं सांगितलं असतं तर.

देश कोणता ते सांगत नाही. समुद्रकाठचं शहर होतं एवढं पुरे. या समुद्रामुळेच पुढे माझी फजिती झाली.

गणपती उठले आणि ती गेली. करार दोन वर्षांचा, मधल्या जुलैत दोन महिने सुटी आणि येण्याजाण्याचं तिकीट. मुलगी साडेतीन वर्षांची. घरात मी, मुलगी आणि माझी माय. पानठेल्यावर माझा उद्धार ठरलेलाच होता.

“काय गुरुजी, बाई दुबईले अन् तुमी चुलीपाशी?”

“दुबई नाही ते.”

“कोनतंई असो. चूल तं तेच हाय ना?”

मी हसायचो. त्यांच्याबरोबर हसलं की माणूस लवकर सुटतो, हा माझा आयुष्यभराचा अभ्यास आहे.

पत्राला जायला पंधरा दिवस, यायला पंधरा. आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर महिन्यानं. मुलीला खोकला झाला असं मी लिहावं, आणि तिचं काळजीचं पत्र यावं तेव्हा पोरगी अंगणात लंगडी खेळत असावी. तिकडे घरोघर टपाल पोचत नसे. सगळ्या शिक्षिकांची पत्रं शाळेच्या पेटीत यायची आणि ऑफिसातून वाटली जायची. वाटणारा होता शाळेचा व्यवस्थापक. पाकीट बरेचदा ‘चुकून’ उघडलेलं असे. हे तिनं पहिल्याच महिन्यात कळवलं, आणि मी मनातलं काही न लिहायला तेवढं कारण धरून ठेवलं. तिथं मराठी वाचणारं कुणी नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर, व्यवस्थापक नसता तरी मी लिहिलं नसतं. आमच्याकडे नवरा बायकोला ‘तुझी आठवण येते’ असं लिहीत नाही. तो लिहितो, गाय व्याली, माय बरी आहे, पाऊस कमी आहे. वाचणाऱ्यानं त्यातून काय ते काढून घ्यावं.

ती मात्र लिहायची. तिची पत्रं मी अजून जपून ठेवली आहेत. शाळेची मुख्य इमारत दगडी आणि थंडगार, पण त्यात ऑफिस, चेअरमनसाहेबांची खोली आणि पाहुण्यांना दाखवायची प्रयोगशाळा. वर्ग मागच्या मैदानात, पत्र्याच्या खोल्यांमध्ये. एका खोलीत पन्नासवर मुलं. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक थंड हवेचं यंत्र बसवलेलं, आणि त्याचं बटण ऑफिसात. अकरा वाजले की ऑफिसातून बंद. का, तर अकरानंतर यंत्राला विश्रांती पाहिजे. यंत्राला विश्रांती होती, बाईंना नव्हती. वर्गातली शिक्षकांची खुर्ची व्यवस्थापकानं उचलून नेली होती. बसून शिकवलं तर मुलं सुस्तावतात, असं त्याचं मत. दोन मिनिटं उशीर झाला तर लाल शाईनं सही. रोजचं एक परिपत्रक, त्याच्याखाली ‘वाचलं’ म्हणून सही. राहायला शाळेचीच जागा, सहाच्या आत फाटकात. आणि सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत, ‘हरवू नयेत म्हणून’.

ती लिहायची तेही तक्रारीच्या सुरात नाही. लिहायची, “आज बीजगणिताच्या तासाला एक मुलगा बाकावरच झोपला. उठवलं नाही. वर्गात तेवढा एकच सुखी माणूस होता.”

हे वाचून दुसऱ्या कुणाला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं असतं. मी शिक्षक, कुणी अडचण सांगितली की मला उत्तर काढायची खाज सुटते. मी उपाय लिहून धाडायचो, नंबर घालून. एक, खिशात कांदा ठेवणे. दोन, कैरीचं पन्हं घेणे. तीन, उभं राहून पाय दुखल्यास कोमट पाण्यात मीठ. तिनं एकदा उलट लिहिलं, “साडीला खिसा नसतो.” मी त्यावरही उपाय कळवला, कनवटीला बांधणे.

मे महिना आला आणि तिचं पत्र आलं की पत्रा दुपारी असा तापतो की मुलं भिंतीला टेकत नाहीत. अकरानंतर वर्गात उभं राहवत नाही. खाली एक ओळ होती : “जुलै कधी येतो असं झालं आहे.”

आता मोहाडीच्या माणसाला तुम्ही उन्हाळ्याबद्दल काय सांगता? आमचा मे महिना आम्ही अंगावर काढतो, आणि त्यावर आमच्याकडे एकच रामबाण इलाज आहे, वाळ्याची ताटी. खिडकीला वाळ्याच्या मुळ्यांचा पडदा टांगायचा, त्यावर पाणी मारायचं, बाहेरची झळ त्यातून आत येताना गार होते आणि घरभर सुवास सुटतो. तहसील कचेरीत साहेबाच्या खिडकीला ताटी होती आणि तिच्यावर पाणी मारायला वेगळा माणूस होता. मला वाटलं, एवढे पैसेवाले लोक, एवढे शिकलेले, आणि यांना ताटी सुचू नये.

मी बाजाराच्या दिवशी बुरडाकडे बसून दोन ताट्या विणून घेतल्या. बांबूची चौकट काढून टाकली, गुंडाळल्या, गोणपाटात शिवल्या. तुमसरकडचा एक गवंडी त्याच शहरात कामाला होता, सुटीवरून परत निघाला होता. त्याच्या खांद्यावर ते लांबलचक बाड दिलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

“गुरुजी, लोक लोनचं देतेत, पापड देतेत. हे काय व्हय?”

“थंड हवा आहे.”

“विमानात बसू देतीन का हिले?”

बसू दिलं. उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी मात्र ते बाड उसवून तासभर हुंगलं म्हणे. वासावरून त्यांना ही काहीतरी नशेची मुळी असावी असं वाटलं. गवंड्यानं हातवारे करून खिडकी, पाणी, वारा असं सगळं करून दाखवलं. पुढे तो भेटला तेव्हा म्हणाला, “गुरुजी, नाटकात काम केलं असतं तं इतका घाम आला नसता.”

जूनच्या सुरुवातीला तिनं ताट्या वर्गात टांगल्या. मी सांगितलं म्हणून टांगल्या. तिला स्वतःला शंका होती, पण नवऱ्यानं एवढ्या लांबून धाडलं, ते टाकवेना. मुलांनी हौसेनं पाणी मारलं.

आणि मला, ज्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, त्याला हे माहीतच नव्हतं की ताटी फक्त कोरड्या हवेत काम करते. आमच्याकडे मे महिन्यात धुतलेलं धोतर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं. त्या शहरात हवाच ओली होती. तिथे धुतलेला रुमाल दोन दिवस वाळत नाही. ओल्या हवेत ओली ताटी. पत्र्याच्या खोलीचं ढोकळा वाफवायचं भांडं झालं. फळ्याला पाणी सुटलं, खडू उमटेना. मुलांच्या वह्या फुगल्या. तिसऱ्या दिवशी ताटीला बुरशी धरली आणि चौथ्या दिवशी चेअरमनसाहेब पाहुणे घेऊन फेरीला आले. दारातच त्यांचा चष्मा वाफेनं पांढरा झाला. पाहुण्यांसमोर त्यांना दोन मिनिटं काहीही दिसलं नाही.

तिला मेमो मिळाला. शाळेच्या मालमत्तेत विनापरवानगी बदल, आणि विद्यार्थ्यांच्या आरोग्याशी खेळ. अकरानंतर यंत्र बंद करणाऱ्या माणसानं ‘आरोग्य’ हा शब्द लिहिला होता, त्याच्या हिमतीची मी अजून दाद देतो. मेमो मिळालेल्यांना सुटीचं तिकीट नाही, असा नियम त्याच आठवड्यात परिपत्रकानं निघाला. दोन महिने थांबून ग्रंथालयाची पुस्तकं लावायची आणि बाकांना रंग द्यायचा.

तिच्या पत्रात हे सगळं होतं, आणि शेवटी होतं : “ताटीला वास फार छान होता. पहिला अर्धा तास मला घरी असल्यासारखं वाटलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मी ते पत्र पोस्टाच्या पायरीवर उभ्यानंच वाचलं. घरी येऊन मायला सांगितलं, सून येत नाही. मायनं तिच्यासाठी म्हणून तांदूळ निवडायला घेतला होता. तिनं सूप खाली ठेवलं.

“काहून?”

“शाळेत काम निघालं.”

“काम निघालं, का तुया त्या झाडूनं केलं?”

मायला कुणी सांगितलं होतं देव जाणे. बहुतेक गवंड्याच्या बायकोनं.

त्या जुलैत आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, जोरात होता. सगळं गाव चिखलात वाकलेलं, माय दिवसभर बांधीत, धानाच्या शेतात, घरी मुलगी पाहायला कुणी नाही. म्हणून मी तिचं नाव माझ्याच शाळेत पहिलीत घातलं. साडेचारची पोर, मी हेडमास्तरांच्या समोर बसून तिची जन्मतारीख एक वर्ष मागं नेली. शाळेतल्या निम्म्या पोरांच्या तारखा आम्ही गुरुजींनीच ठरवलेल्या असत, त्यात एक माझ्या पोरीची. सायकलच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून तिला बसवायचो आणि शाळेच्या गावाला न्यायचो. जाताना-येताना गोष्ट. गोष्टीशिवाय ती दांडीवर बसत नसे.

गोष्टी सांगायला मी तेव्हाच लागलो. आधी वाघाच्या, राजाच्या, जंगलातल्या म्हातारीच्या सांगून झाल्या. मग तिच्या आईच्या. एक आई असते, ती समुद्रापलीकडे राहते. तिथे लोखंडाचं घर असतं, आणि एक राक्षस असतो, तो सगळ्या खुर्च्या चोरून नेतो. आई उभी राहून मुलांना बेरजा शिकवते. तिचा उडायचा कागद राक्षसानं तिजोरीत कोंडून ठेवला आहे. पोरगी खूश. मीही खूश, कारण पत्रातलं सगळं दुखणं गोष्टीत घातलं की त्याला शेपूट आणि शिंगं फुटायची आणि त्याचं हसू यायचं. तिकडे बायको आखातातल्या उन्हाळ्यात बाकांना रंग देत होती, आणि मी इकडे टाळ्या मिळवत होतो.

दुसरं वर्ष असंच सरकलं. दिवाळी झाली, दिवाळीनंतर भरणाऱ्या गावोगावच्या मंडया, त्यांतली रात्रभरची नाटकं झाली. पाहुणे आले, गेले, ‘बाई कवा येतीन’ विचारून गेले. मार्चमध्ये तिचं जाड पाकीट आलं. आत एक टाइप केलेला फॉर्म. करार आणखी दोन वर्षं वाढवायचा तर विवाहित शिक्षिकेच्या पतीचं संमतिपत्र पाहिजे. बाई तीस वर्षांची, पन्नास मुलांना बीजगणित शिकवणारी, आणि तिच्या नोकरीवर सही कुणाची, तर चौथीच्या इंग्रजीला घाबरणाऱ्या नवऱ्याची. सोबत तिची चार ओळींची चिठ्ठी. “ऑफिसनं सर्वांना हा फॉर्म घरी पाठवायला सांगितलं आहे. एप्रिलच्या मध्यापर्यंत परत पोचायला हवा. सही करून पाठवायचा की नाही ते तुम्ही पाहा. माझी तब्येत बरी आहे.”

एवढंच. मी ती चिठ्ठी उभी वाचली, आडवी वाचली. तिला थांबायचं आहे का? थांबायचं नसतं तर फॉर्म पाठवला कशाला? यायचं नसतं तर ‘की नाही’ कशाला लिहिलं? तिनं धाडलेल्या पैशांतून घर अर्धं बांधून झालं होतं, मोहाडीत तिला नोकरी मिळेल याचा भरवसा नव्हता. आपण ‘ये’ म्हणायचं आणि ती आपल्यामुळे आली, पुन्हा भंडाऱ्याच्या शाळेत ‘पुढच्या सत्रात’ ऐकत बसली, तर? आणि आधीच एकदा माझ्या शहाणपणापायी तिची सुटी गेली होती. मला माझ्या अकलेची भीती बसली होती.

मी चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. पहिल्यात मी फार उदार होतो : तुझी इच्छा तीच माझी. दुसऱ्यात विनोद होते. तिसऱ्यात थांबण्याचे फायदे आणि तोटे, नंबर घालून. चौथं कसं होतं आठवत नाही, बहुतेक गाईबद्दल असावं. हेडमास्तर म्हणाले, “सही करून टाका, गुरुजी. लोक अशा नोकरीसाठी रांगेत उभे राहतात.” माय विळीवर भाजी चिरत होती. ती वर न बघता म्हणाली, “तुले पायजे का नाई बायको?”

“तसं नाही माय, तिचं मन काय आहे ते पाहायला पाहिजे ना.”

“तिचं मन तू मंग पाय. आधी आपलं सांग ना गा. तुया पोटात काय हाय ते तिले सपन पडन का?”

मी म्हणालो, बघतो. फॉर्म मी शाळेच्या पिशवीत ठेवला आणि दहा दिवस सायकलला लावून हिंडवला.

मग एका दुपारी शाळेतून परत येत होतो. सकाळची शाळा सुरू झाली होती, डोक्यावर ऊन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या भेगाळलेल्या. मोहाच्या झाडाखाली आम्ही पाणी प्यायला थांबलो. मी गोष्ट रंगात आणली होती. राक्षसानं आईला सांगितलं, आता आणखी दोन वर्षं इथंच राहायचं. राक्षस असं काही बोलला की पोरगी नेहमी त्याला शिव्या घालायची. या वेळी घातल्या नाहीत. बाटलीचं झाकण लावत ती म्हणाली,

“बाबा, आई खरीखुरी हाय का गोष्टीतली?”

मी म्हणालो, “असं काय विचारतेस? खरीच आहे. फोटो नाही का आपल्या घरी?”

“फोटो तं रामाचाबी हाय.”

मी बाटली पिशवीत ठेवली. ती दांडीवर चढून बसली आणि म्हणाली, “सांग ना पुढची.” मला पुढची सुचेना. मोहाडीपर्यंतचा तो रस्ता मी एकही शब्द न बोलता सायकल मारली. ती दांडीवर बसायला लागल्यापासून पहिल्यांदा.

घरी आल्यावर हात-पाय न धुता लिहायला बसलो. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं नाही, गाय लिहिली नाही. लिहिलं : “मी सही करत नाही. मला तू इथं पाहिजेस. पोरीला पाहिजेस हे तर आहेच, पण ते मी पुढे करत नाही; मला पाहिजेस. नोकरीचं पाहू. तुला तिथं थांबायचं असेल तर तसं लिही, मी तुझ्याशी भांडणार नाही, पण मग मी सही करीन ती मनाविरुद्ध, हे माहीत असू दे. ये.” फॉर्म कोरा त्यात घातला आणि पोस्टात टाकून आलो. टाकल्याबरोबर वाटलं, पोस्टमास्तरांना सांगून परत घ्यावं. ते जेवायला गेले होते, म्हणून पत्र गेलं. आमच्या संसारावर त्या पोस्टमास्तरांच्या जेवणाचे उपकार आहेत.

पंधरा दिवस, वीस, महिना. उत्तर नाही. एप्रिल संपला. मी रोज पोस्टात जाऊन पायरीवर बसायचो, आणि रोज मनात एक नवं वाक्य ऐकायचो : तुमच्यामुळे माझं सगळं गेलं. मेच्या अखेरीला दोन ओळी आल्या. “पत्र पोचलं. पासपोर्ट जून संपल्याशिवाय देत नाहीत, तीनदा मागितला. चौथ्यांदा ऑफिसातच जमिनीवर बसून राहिले, खुर्ची नव्हतीच. आता देतो म्हणाले आहेत.”

येते असं तिनं लिहिलंच नव्हतं. पण मायनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी गोधड्या धुवायला काढल्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून तार आली. आम्ही भंडारा रोड स्टेशनवर गेलो, मी आणि मुलगी. गाडी तीन तास उशिरा. ती उतरली तेव्हा मी आधी दुसऱ्याच बाईकडे चाललो होतो. वाळली होती, चष्मा लागला होता. हातात एकच पेटी. मुलगी माझ्या पायामागे. दोघींनी एकमेकींकडे किती वेळ पाहिलं सांगता येत नाही. हमालानं दोनदा विचारलं, उचलू का म्हणून.

मग पोरगी पुढे झाली, आणि तिच्या आईला पहिला प्रश्न विचारला, “तू इथंबी उभीच राहशीन का?”

बायकोला काही कळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रुळांकडे पाहिलं.

बाकावर बसलो तिघं. चहा आला. मुलगी पेटीचं कुलूप तपासत होती. बायको हळूच म्हणाली, “दोन वरस तुमी उपाय धाडले. कांदा, मीठ, काय न् काय. मी लिवत होती ते उपाय पायजे म्हून नाई. ‘ये’ म्हना म्हून लिवत होती.”

“मग तू तसं लिहायचं ना.”

“मी गेली होती ना. मी कशी म्हनू? बोलवनारा मागं राहते, जानारी नाई.” मग कपातल्या चहाकडे पाहत म्हणाली, “तो फारम मी धाडला तवा वाटे, आता तरी लिवतीन.”

मी म्हणालो, “चार पत्रं फाडली.”

“ते धाडली असती, तं मी वाचली तरी असती.”

पुढचं फार नाही. दीड वर्षानं तिला मोहाडीतच हायस्कुलात जागा मिळाली. वर्ग मोठा, कौलारू, दोन्हीकडून वारा. टेबलामागे खुर्चीही होती. ती त्या खुर्चीवर हातातली पुस्तकं ठेवायची आणि तासभर उभी राहून शिकवायची. मुख्याध्यापक म्हणायचे, बाई किती उत्साही आहेत.

पण ती दोन वर्षं काही परत येत नाहीत, ती तिला आत कुठेतरी लागून आहेत. पोरीचा पहिला दुधाचा दात पडला तो तिनं पाहिला नाही. पोरगी पाटीवर पहिल्यांदा आपलं नाव लिहून घरभर नाचली, ते पाहिलं नाही. परत आल्यानंतर पहिल्याच पावसाळ्यात, भाकरी थापता थापता तिनं मला विचारलं, “पयल्या दिवशी शाळेत गेली तं रडली का?” मी सांगितलं. मग म्हणाली, “अजून सांगा.” तेव्हापासून मी सांगतो आहे. घरात मला गोष्टीवेल्हाळ म्हणतात, पाहुणे आले की मला बसवून ऐकतात, आणि त्यांना वाटतं मला आवड आहे. श्रोता माझा एकच.

माझ्या शाळेची सहल एकदा आंबागडच्या किल्ल्यावर गेली होती, दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात. मुलीला घेऊन गेलो होतो. ती वरपर्यंत स्वतःच्या पायांनी चढली. एवढं मला खरोखर आठवतं. बायकोनं हे माझ्याकडून शंभरदा ऐकलं असेल. दर वेळी मी थोडं घालतो. एकदा माकड आलं. एकदा ती बुरुजावर उभी राहून ‘आई’ म्हणून ओरडली आणि टेकडीनं उत्तर दिलं. बायको ऐकते, घालतो ते तिला कळतं, पण अडवत नाही.

आता मुलगी लग्न होऊन नागपूरला असते. परवा दुपारी आम्ही दोघंच होतो. बायको तांदूळ पाखडत होती. मध्येच हात थांबवून म्हणाली, “त्या दिवशी किल्ल्यावर, तिनं झगा कोनता घातला होता?”

इतक्या वर्षांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. टेकडी दिसली, दगड दिसले, पोरांची रांग दिसली, माझी शिट्टीसुद्धा दिसली. झगा दिसेना.

“निळा,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं.

“निळा तं तिच्यापाशी नव्हता,” ती म्हणाली. “मी जाताना दोन शिवून ठेवले होते, लाल अन् पिवळा.”

“मग लाल असेल.”

“असन,” ती म्हणाली, आणि पुन्हा सूप हलवू लागली.